दोन ट्रेनर, एक गुडघा आणि रक्तदाबाची गोळी

प्रश्न: मी ५४ वर्षांची आहे. काही वर्षांपासून रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी सुरू आहे आणि उजव्या गुडघ्याच्या एक्स-रेमध्ये सुरुवातीची झीज दिसली आहे. कठडा न धरता जिना चढता यावा, प्रवासात स्वतःची बॅग स्वतः उचलता यावी आणि जमल्यास थोडे वजन उतरावे, एवढीच अपेक्षा आहे. पर्सनल ट्रेनर लावायचे ठरवून दोघांकडे एकेक चाचणी सत्र केले. पहिले शरीरसौष्ठव स्पर्धांतले विजेते आहेत आणि त्यांच्या भिंतीवर शिष्यांची ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे लावलेली आहेत. त्यांनी स्क्वॉट्स आणि उड्या मारायला लावून भरपूर घाम काढला, १२ आठवड्यांत १५ किलो उतरवण्याची हमी दिली आणि ४० सत्रांचे पॅकेज याच आठवड्यात घेतल्यास सवलत देऊ केली. मनगटी घड्याळावर ठोके १५० पर्यंत न्यायला त्यांनी सांगितले होते. ते १२० च्या वर गेलेच नाहीत, तेव्हा ‘तुम्ही मनापासून करत नाही’ असे म्हणाले. नंतर तीन दिवस गुडघा सुजलेला होता. दुसऱ्यांनी मात्र निम्मा वेळ प्रश्न विचारण्यात आणि वहीत लिहिण्यात घालवला, खुर्चीवरून उठ-बस करवली, भिंतीजवळ एका पायावर उभे केले, हलके डंबेल उचलायला दिले आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणायला सांगितली. मला ते जरा घाबरट वाटले. घरचे विचारतात की खुर्चीवरून उठायला शिकण्यासाठी पैसे कशाला मोजायचे. मुलीचे म्हणणे, ऑनलाइन ट्रेनर घे. मी काय करावे? आणि पहिल्यांनी सत्र फुकट दिले असताना त्यांना नाही म्हणणे बरे दिसेल का?

उत्तर: सप्रेम नमस्कार.

पहिल्या प्रशिक्षकांकडे जाऊ नका, हे आधीच स्पष्ट सांगते. दुसऱ्यांकडे जा, पण आठ आठवड्यांच्या बोलीवर जा, कारण तुम्हाला आलेली घाबरटपणाची शंका अगदीच निराधार नाही आणि तिचा निकाल एका सत्रावरून लागणार नाही. सुजलेला गुडघा अजून उतरला नसेल, किंवा हात लावल्यावर गरम लागत असेल, तर मात्र दोघांपैकी कोणाकडेही जाण्याआधी तो डॉक्टरांना दाखवा.

घड्याळापासून सुरुवात करू, कारण पहिल्या सत्रातली सर्वांत गंभीर चूक तिथे झाली आहे. व्यायामशाळांमध्ये कमाल ठोक्यांसाठी २२० मधून वय वजा करण्याचा एक सोपा हिशेब सर्रास वापरला जातो. तुमच्या बाबतीत तो आकडा १६६ येतो आणि १५० म्हणजे त्याच्या जवळजवळ ९० टक्के. ज्या व्यक्तीने बराच काळ नियमित व्यायाम केलेला नाही, जिला रक्तदाब आहे आणि जिची कोणतीही तपासणी प्रशिक्षकाने पाहिलेली नाही, तिला पहिल्याच दिवशी ९० टक्क्यांपर्यंत न्यायला सांगणे हे गोळीचा विषय बाजूला ठेवला तरी चुकीचे आहे. शिवाय हा हिशेब मुळात अंदाजाचा आहे. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल ठोक्यांमध्ये दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असू शकतो. आणि तुमच्या बाबतीत तर तो लागूच पडत नाही. बीटा-ब्लॉकर गटातली औषधे हृदयाचे ठोके विश्रांतीतही कमी ठेवतात आणि श्रमातही वाढू देत नाहीत. तेच त्यांचे काम आहे. त्यामुळे घड्याळावर १२० दिसत असताना तुमचे शरीर बऱ्यापैकी कठीण श्रम करत असण्याची पूर्ण शक्यता आहे. तुम्ही मनापासूनच करत होतात, गोळीही आपले काम मनापासून करत होती. त्या दिवशीच्या आकड्यासाठी गोळी चुकवण्याचा किंवा उशिरा घेण्याचा विचार चुकूनही मनात आणू नका; अशी औषधे डॉक्टरांना न विचारता थांबवणे धोक्याचे असते.

ज्या प्रशिक्षकाला हे ठाऊक असते तो तुमच्यासाठी घड्याळ बाजूला ठेवतो आणि श्रम मोजायचे दुसरे मार्ग वापरतो. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी ६ ते २० अशी एक मोजपट्टी तयार केली, जिच्यात व्यायाम करणारा स्वतःच सांगतो की श्रम किती जड वाटत आहेत. तिचीच शून्य ते दहाची सुटसुटीत आवृत्ती हल्ली अधिक वापरली जाते. त्याहून सोपी कसोटी बोलण्याची आहे. चालताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल पण गाणे म्हणता येत नसेल, तर श्रम मध्यम आहेत; दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर ते तीव्र आहेत. दुसऱ्या प्रशिक्षकांनी डंबेल उचलून झाल्यावर ‘दहापैकी किती जड वाटले’ असे विचारले होते का, हे आठवून पाहा. पत्रात तसा उल्लेख नाही, पण ज्या पद्धतीने ते काम करत होते त्यावरून विचारले असावे असे मला वाटते.

आता डॉक्टरांच्या चिठ्ठीविषयी. व्यायाम सुरू करण्यापूर्वी भरून घ्यायची एक सात प्रश्नांची छोटी प्रश्नावली आहे. पार-क्यू या नावाने ओळखली जाणारी ही प्रश्नावली १९७० च्या दशकात कॅनडात तयार झाली आणि पुढे तिच्यात सुधारणा होत गेल्या. हृदयविकार आहे का, छातीत दुखते का, चक्कर येते का, हाडांचे किंवा सांध्यांचे काही दुखणे आहे का, काही औषधे चालू आहेत का, अशा स्वरूपाचे हे प्रश्न आहेत. सातही उत्तरे ‘नाही’ आली तर माणूस बेताने सुरुवात करू शकतो; एक जरी ‘होय’ आले तरी पुढची चौकशी किंवा डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, असा तिचा हेतू आहे. तुमची निदान दोन उत्तरे ‘होय’ आहेत. तेव्हा चिठ्ठी मागणाऱ्या प्रशिक्षकाने भीती दाखवली नाही, त्याच्या व्यवसायात जे किमान करायला हवे ते केले. न मागणाऱ्याने एकतर विचारले नाही, किंवा विचारून सोडून दिले, आणि या दोहोंपैकी कोणते अधिक वाईट हे ठरवण्याचे कारण नाही.

घरच्यांचा खुर्चीचा प्रश्न मला आवडला, कारण त्या उठ-बशीत नेमके काय चालले होते हे बाहेरून पाहणाऱ्याला कळत नाही. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे हा स्क्वॉटच आहे; फक्त खाली किती जायचे हे खुर्चीने ठरवलेले असते. अनुभवी प्रशिक्षक त्या वेळी समोर बसून गुडघ्याकडे पाहत असतो. उठायला लागताना उजवा गुडघा आत, डाव्याच्या दिशेने, झुकतो का. तुम्ही नकळत सगळा भार निरोगी पायावर टाकून दुखऱ्या पायाला नुसते सोबत नेता का. उठण्यासाठी धड पुढे फेकावे लागते का. आणि खाली बसताना शेवटच्या चार बोटांच्या अंतरात तोल सुटून तुम्ही खुर्चीत धपकन बसता का. हे शेवटचे लक्षण फार बोलके असते, कारण जिना उतरताना गुडघा दुखतो तो बहुधा याच कारणाने: मांडीचे स्नायू शरीराचा भार सावकाश खाली सोडायला अपुरे पडतात. एका पायावर उभे करण्यामागे तोल पाहणे होते आणि कमरेचा बाजूचा स्नायू किती साथ देतो हेही पाहणे होते. तीस सेकंदांत किती वेळा उठता येते हा आकडा वहीत लिहिला असेल, तर दोन महिन्यांनी तुमची प्रगती ताडून पाहण्यासाठी त्याच्याइतके स्वस्त आणि प्रामाणिक साधन दुसरे नाही. जिना चढणे म्हणजे एका पायावर पुन्हा पुन्हा उठणे. तुम्हाला जिना हवा होता आणि त्यांनी जिन्याचीच पहिली पायरी तपासली.

पहिल्यांनी त्याच गुडघ्याला उड्या मारायला लावल्या. गुडघ्याची झीज असताना व्यायाम करू नये असे मुळीच नाही. उलट योग्य व्यायाम हा अशा गुडघ्यावरचा पहिल्या फळीचा उपचार मानला जातो. डेन्मार्कमध्ये २०१३ मध्ये ग्लॅड नावाचा एक उपक्रम सुरू झाला, ज्यात गुडघ्याची आणि खुब्याची झीज असलेल्यांना आधी आजाराविषयी समजावून सांगितले जाते आणि मग देखरेखीखाली साधारण बारा सत्रे व्यायाम करून घेतला जातो. पुढे तो इतर अनेक देशांनी उचलला. अशा कार्यक्रमांत दुखण्याविषयी वापरला जाणारा नियम तुमच्याही उपयोगाचा आहे. व्यायाम करताना थोडे दुखणे चालते, दहापैकी पाचपर्यंतही, पण ते दुसऱ्या दिवशीपर्यंत पूर्वीच्या पातळीवर यायला हवे. आले नाही तर पुढच्या वेळी व्यायाम सोडायचा नाही, कमी करायचा. तीन दिवसांची सूज या नियमात कुठेच बसत नाही. स्नायूंचे दुखणे मात्र वेगळे समजा. नव्या व्यायामानंतर एक ते तीन दिवस मांड्या, दंड, पोटऱ्या ठणकतात आणि आपोआप थांबतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. फक्त वेदना असह्य असेल, स्नायू सुजून कडक झाले असतील आणि लघवीचा रंग गडद तपकिरी झाला असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे लागते, कारण अतिश्रमाने स्नायू विरघळू लागल्याचे ते लक्षण असू शकते. अंगात सवय नसलेल्या माणसाकडून पहिल्याच दिवशी बेसुमार कष्ट करवून घेणारे प्रशिक्षक याचे नावही काढत नाहीत.

इथवर वाचून दुसरे प्रशिक्षक आदर्श आहेत असे तुम्हाला वाटेल. ते तसे आहेत की नाही हे मला माहीत नाही, आणि म्हणूनच बोली हवी. व्यायामाच्या क्षेत्रात बेफिकीर प्रशिक्षकांची चर्चा खूप होते, पण त्यांच्या जोडीला आणखी एक जात आहे जिची चर्चा होत नाही, कारण तिच्यामुळे कोणाला इजा होत नाही. पन्नाशीची बाई समोर आली की तिच्या हातात दोन रंगीत डंबेल द्यायचे, पंधरा पुनरावृत्ती मोजायच्या, चांगले चालले आहे म्हणायचे आणि सहा महिन्यांनीही तेच दोन डंबेल तिच्या हातात असायचे. अशा शिष्येला कधी दुखत नाही आणि तिची ताकदही वाढत नाही. स्नायूला सवयीपेक्षा थोडे अधिक ओझे मिळाले तरच तो वाढतो आणि ते ओझे टप्प्याटप्प्याने वाढवत न्यावे लागते, हे तत्त्व दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकी लष्करी डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांच्या, विशेषतः त्यांच्या गुडघ्यांच्या, उपचारात पद्धतशीरपणे वापरले. म्हणजे ओझे वाढवण्याचे हे शास्त्र दुखऱ्या गुडघ्यांवरच घडले आहे.

तुमच्या वयात हे अधिक महत्त्वाचे आहे. पाळी थांबल्यानंतरच्या वर्षांत हाडांची घनता वेगाने घटते आणि हाडाला जड ओझे लागल्याशिवाय ते दखल घेत नाही. ऑस्ट्रेलियात लिफ्टमोर नावाचा एक अभ्यास झाला, ज्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. हाडांची घनता कमी असलेल्या, पाळी थांबलेल्या १०१ स्त्रिया त्यात होत्या. त्यांच्यातल्या एका गटाने आठ महिने आठवड्यातून दोनदा, दर वेळी अर्धा तास, प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली जड वजने उचलली. ‘जड’ म्हणजे ज्याला जेवढे एकदाच उचलता येते त्याच्या ८५ टक्क्यांहून अधिक. या गटात कण्याच्या खालच्या भागातली हाडांची घनता वाढली, घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटात ती घटली. तुम्ही उद्याच एवढे ओझे उचलावे असे मी सुचवत नाही; त्या स्त्रियांनाही तिथवर हळूहळू नेले होते आणि तुमच्या रक्तदाबाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. पण वय आणि ‘बाईमाणूस’ ही दोन कारणे पुढे करून जो प्रशिक्षक तुम्हाला हलक्या डंबेलपाशीच थांबवून ठेवेल, तोही तुमचे नुकसानच करत असेल, फक्त सभ्यपणे.

म्हणून दुसऱ्या प्रशिक्षकांना पुढच्या भेटीत विचारा की दोन महिन्यांनी मी काय करत असेन असे तुम्हाला वाटते. उत्तर मोजता येण्यासारखे असले पाहिजे: खुर्ची बुटकी झालेली असेल, किंवा हातात वजन घेऊन उठ-बस चालू असेल, जमिनीवरची पिशवी पाठ सरळ ठेवून उचलण्याचा सराव अमुक किलोपर्यंत गेला असेल, पायरीवर चढ-उतार कठड्याविना होत असेल. ‘तुम्हाला फ्रेश वाटेल’ हे उत्तर नव्हे. दुसरे विचारा की एखाद्या दिवशी गुडघा दुखत असेल तर त्या दिवशी काय बदलाल. ‘दुखणे विसरा आणि करा’ आणि ‘मग त्या दिवशी सुट्टी घ्या’ ही दोन्ही उत्तरे सारखीच आळशी आहेत. खाली कमी जाऊ, वेग कमी करू, ओझे कमरेच्या व्यायामाकडे वळवू, असे काहीतरी ठोस ऐकू यायला हवे. आणि तिसरे, वजन उचलताना श्वासाचे काय करायचे हे ते आपणहून सांगतात का याकडे लक्ष ठेवा. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब क्षणभर फार वर जातो, म्हणून रक्तदाबाच्या माणसाला उचलताना श्वास सोडायला आणि खाली आणताना घ्यायला पहिल्या दिवसापासून शिकवले जाते. व्यायाम संपल्यावर एकदम थांबून उभे राहू न देता पाच-दहा मिनिटे सावकाश चालवणे हेही त्याच काळजीचा भाग आहे, कारण रक्तदाबाच्या काही औषधांवर असताना अचानक थांबल्याने किंवा झटकन उठल्याने चक्कर येऊ शकते.

आठ आठवड्यांत आरशात काही शोधू नका. सुरुवातीच्या आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यत्वे मेंदू आणि मज्जातंतू स्नायूंना अधिक चांगले कामाला लावू लागल्यामुळे येते. स्नायूंचा आकार बदललेला डोळ्यांना दिसायला त्याहून जास्त वेळ लागतो. त्यामुळे वहीतले आकडे पुढे सरकत आहेत का, एवढेच पाहा. आणि ते वही खरोखर उघडतात का, हेही पाहा. मागच्या वेळी किती वजन होते हे जो प्रशिक्षक तुम्हालाच विचारतो, तुमचा सेट चालू असताना मोबाइल पाहतो किंवा शेजारच्या ट्रेडमिलवरच्या दुसऱ्या शिष्याशी बोलतो, त्याच्या वैयक्तिक लक्षासाठी तुम्ही पैसे मोजत आहात हे त्याला सौम्यपणे सांगावे लागते. दुसऱ्यांदा सांगावे लागले तर बोली तिथेच संपली समजा.

प्रमाणपत्रांचा मुद्दा थोडक्यात संपवते. अनेक देशांत प्रशिक्षक होण्यासाठी कायद्याने परवाना लागत नाही, त्यामुळे स्वतःला ट्रेनर म्हणवून घेणे कोणालाही शक्य आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन किंवा नॅशनल स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग असोसिएशन यांसारख्या संस्थांची प्रमाणपत्रे परीक्षा घेऊन दिली जातात आणि ठरावीक मुदतीने त्यांचे नूतनीकरण करावे लागते, म्हणून भिंतीवरच्या चौकटीपेक्षा त्यावरची तारीख वाचा. प्रथमोपचाराचे, म्हणजे हृदय बंद पडल्यास छाती दाबून श्वास देण्याचे, चालू मुदतीतले प्रशिक्षण आहे का हे विचारायला संकोच करू नका. प्रमाणपत्रावरून प्रशिक्षकाने किमान अभ्यास केला आहे एवढे कळते. स्पर्धेतल्या चषकांवरून तर त्याने स्वतःच्या शरीरावर मेहनत घेतली एवढेच कळते. ती मेहनत खरी असते आणि आदरास पात्रही असते, पण तरुण, निरोगी आणि दिवसाचे कित्येक तास व्यायामाला देऊ शकणाऱ्या एकाच शरीराचा तो अनुभव आहे.

भिंतीवरच्या छायाचित्रांबद्दलही असेच. त्यांत जे टिकले ते दिसतात. जे गुडघा धरून तिसऱ्या आठवड्यात निघून गेले त्यांचे छायाचित्र कोणी काढत नाही, आणि ज्याचे काढले त्याचे वर्षभराने काय झाले हेही भिंत सांगत नाही. वजन कमी करण्याचा सर्वसाधारण सुरक्षित वेग आठवड्याला अर्धा ते एक किलो मानला जातो. त्या हिशेबाने १२ आठवड्यांत सहा ते बारा किलो होतात, तेही आहार, झोप, औषधे असे सगळे जुळून आले तर. पंधरा किलोंची हमी देणाऱ्याला तुमचे शरीर ऐकणार की नाही हे ठाऊक असण्याचे कारण नाही; एवढी घाई केली तर चरबीसोबत स्नायूही जातात आणि जिना चढायचा तो स्नायूंच्याच जोरावर. बहुतेक अशा हमीमागोमाग डाएट चार्ट आणि पावडरीचा डबा येतो. औषधे चालू असलेल्या माणसाचा आहार ठरवणे हे प्रशिक्षकाचे काम नाही, ते आहारतज्ज्ञाचे आहे. व्यायामापूर्वी घ्यायच्या पावडरींमध्ये बहुधा कॅफीन भरपूर असते, जे रक्तदाब वाढवू शकते. काही पूरकांमध्ये पोटॅशियम असते, जे रक्तदाबाच्या काही औषधांबरोबर घातक ठरू शकते. डबा विकत घ्या असा आग्रह करणारा प्रशिक्षक तुमच्याकडून दोनदा कमाई करतो आहे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

ऑनलाइन प्रशिक्षणाला माझा विरोध नाही, पण तुमच्यासाठी ती पहिली पायरी नव्हे. मोबाइलचा कॅमेरा एकाच कोनातून पाहतो. गुडघा आत झुकतो ते समोरून दिसते, पाठ वाकते ते बाजूने, आणि चुकीच्या क्षणी कोपराला आधार द्यायला पडद्यातून हात बाहेर येत नाही. हालचाली अंगवळणी पडल्या, वजने ठरली, की मग महिन्यातून एकदा प्रत्यक्ष आणि बाकी ऑनलाइन अशी व्यवस्था करता येईल आणि ती स्वस्तही पडेल. मुलीला तसे सांगा. तिची सूचना थोडी लवकर आली आहे, इतकेच.

स्पर्शाविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही, तरी सांगते, कारण या गोष्टी बहुतेक जण संकोचाने गिळून टाकतात. व्यायामाची ढब दुरुस्त करताना प्रशिक्षकाने हात लावण्यापूर्वी विचारले पाहिजे आणि ‘नको’ म्हटल्यावर शब्दांनी, आरशाने किंवा स्वतः करून दाखवून ते काम भागवता आले पाहिजे. तुम्हाला स्त्री प्रशिक्षक अधिक सोयीची वाटत असेल तर ते कारण पुरेसे आहे, त्याचे स्पष्टीकरण देत बसू नका. पण तिलाही हेच सगळे प्रश्न विचारा.

खर्चाचा विचार करताना एक गोष्ट सोपी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि शिवाय दोन किंवा अधिक दिवस मोठ्या स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम करावा. पहिल्या भागासाठी प्रशिक्षकाची गरज नाही. बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने चालणे तुम्ही आजपासून स्वतः करू शकता, गुडघा साथ देईल तेवढा वेळ, दिवसातून दोन-तीन तुकड्यांत. पैसे मोजा ते ताकदीच्या दोन दिवसांसाठी. ट्रेडमिलवर चालवून तास भरणाऱ्या प्रशिक्षकाला तुम्ही चालण्याचे पैसे देत असता. म्हणून आठवड्यातून दोन, अशी आठ आठवड्यांची सोळा सत्रे एवढाच करार करा. चाळीस सत्रांचे पॅकेज कोणाकडूनही घेऊ नका, सवलत कितीही मोठी असली तरी. आजारपणात सत्रे पुढे ढकलता येतील का, आयत्या वेळी रद्द केल्यास काय, प्रशिक्षक मध्येच सोडून गेल्यास उरलेले पैसे परत मिळतील की दुसरा कोणी गळ्यात मारला जाईल, ही उत्तरे लेखी घ्या. सोळा सत्रांनंतर आकडे पुढे गेले असतील तर पुढचा करार करा. गेले नसतील तर तिसरा प्रशिक्षक शोधा. पहिल्यांकडे परत जाण्याचे ते कारण होत नाही.

डॉक्टरांकडे चिठ्ठीसाठी जाल तेव्हा ‘व्यायाम केला तर चालेल ना’ एवढेच विचारून परत येऊ नका, कारण त्याचे उत्तर बहुधा ‘हो, बेताने करा’ असे मिळते आणि त्याचा प्रशिक्षकाला काडीचा उपयोग होत नाही. वजने उचलायला हरकत आहे का, व्यायामाच्या दिवशी रक्तदाब किती असेल तर व्यायाम टाळायचा, गोळी आणि व्यायाम यांच्या वेळांत काही अंतर हवे का, हृदयाची एखादी तपासणी आधी करून घ्यावी का आणि गुडघ्यासाठी फिजिओथेरपिस्टकडे काही आठवडे जाणे बरे का, हे विचारा आणि उत्तरे त्याच कागदावर लिहून घ्या. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले तर आधी फिजिओथेरपिस्ट आणि मग प्रशिक्षक, हाच क्रम ठेवा. चांगला प्रशिक्षक त्यावर रुसत नाही, उलट फिजिओथेरपिस्टने काय करून घेतले याची चौकशी करतो. छातीत दाब, धाप न थांबणे, चक्कर किंवा ठोके अनियमित झाल्यासारखे वाटणे, यांपैकी काही व्यायामात जाणवले तर त्याच क्षणी थांबायचे, हेही डॉक्टरांकडून प्रशिक्षकाला उद्देशून लिहून घेतलेत तर दोघांचेही काम सोपे होईल.

राहिला पहिल्यांना नकार कळवण्याचा प्रश्न. चाचणी सत्र हे त्यांनी तुम्हाला पारखण्यासाठी जितके असते तितकेच तुम्ही त्यांना पारखण्यासाठी असते, आणि ते फुकट असते ते त्यांच्या धंद्याचा भाग म्हणून; त्यात उपकार नाही. दोन ओळींचा निरोप पाठवा: सत्राबद्दल आभार, माझ्या गुडघ्याला आणि रक्तदाबाला मानवेल अशी दुसरी व्यवस्था केली आहे. सवलतीची मुदत वाढवून द्यायला ते फोन करतील, तेव्हा हीच दोन वाक्ये पुन्हा म्हणा आणि तिसरे जोडू नका. गुडघा सुजला होता आणि ठोके औषधामुळे वाढत नव्हते, हे मात्र त्यांना जरूर कळवा. पुढच्या वेळी अशीच गोळी घेणारे कोणी त्यांच्याकडे गेले तर त्यांनी निदान आधी विचारावे.